फुलझाडांच्या वाफ्यात गवत माजलंय, उपटलं तरी परत येतंय

अबोली_मुलुंड · ६ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते.

आमची मुलुंड पूर्वेला जुनी सोसायटी, आम्ही तळमजल्यावर. कंपाउंडच्या भिंतीला लागून साधारण २५ फूट लांब आणि ३ फूट रुंद जागा आहे. कित्येक वर्षं तिथे विटांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या पडून होत्या. यंदा मे महिन्यात आम्ही चौघीजणींनी मनावर घेतलं. राडारोडा काढला, वर्गणी काढून लाल माती आणि शेणखत आणलं, वाफा केला. मागे तगर आणि जास्वंद, मध्ये मोगरा, अबोली, सदाफुली, पुढच्या काठाला गुलाबी पावसाळी लिलीचे कांदे.

पहिला पाऊस पडला आणि आठवड्याभरात वाफा गवताने भरून गेला. ओळीने तीन रविवार उपटलं, दर वेळी दोन बादल्या भरल्या. दहा दिवसांत पुन्हा तेवढंच, किंबहुना आधीपेक्षा दाट. ओढलं की टचकन तुटतं आणि हातात नुसती पात येते. अबोलीची रोपं तर आता शोधावी लागतात.

कमिटीतले एकजण म्हणतात, तणनाशक मारून टाकू, एका दिवसाचं काम. मला ते नको आहे. वाफ्यालगत मुलं खेळतात, मांजरीची पिल्लं तिथेच असतात. पण "नको" म्हणायचं तर दुसरा उपाय हातात हवा. काय करू?

गच्चीवरची_बाग · ६ जुलै, रात्री १०:०५

आधी गवत कोणतं ते बघा. एक काडी बुडाशी धरून दोन बोटांत फिरवा. गोल लागते की कडा लागतात?

अबोली_मुलुंड · ७ जुलै, सकाळी ७:२०

आत्ताच बघून आले. कडा लागतात! तीन बाजू आहेत, काडी बोटांत सरळ फिरतच नाही. पानं गडद हिरवी, तुकतुकीत. बहुतेक सगळं हेच आहे. भिंतीकडच्या कोपऱ्यात दुसरं एक आहे, ते जमिनीवर पसरलंय आणि पेरापेराला मुळं फुटली आहेत. तिसरं म्हणजे रुंद पानाचं, निळ्या इवल्या फुलांचं. ते सहज उपटतं.

सातारकर_बोरिवली · ७ जुलै, दुपारी १:१५

ताई, तीन बाजूंची काडी म्हणजे नागरमोथा, आमच्याकडे लव्हाळा म्हणतात. पसरलेली ती हराळी आणि निळ्या फुलांचा तो केना. तिघांची रीत वेगळी, म्हणून तिघांना एकच उपाय चालत नाही.

माझं लहानपण भांगलणीत गेलं. पावसाळ्यात शाळा सुटली की आईच्या मागे खुरपं घेऊन भुईमुगात बसायचं. तिथे शिकलो ते सांगतो.

नागरमोथ्याचा जीव पानात नसतो, गाठीत असतो. वर दिसणाऱ्या प्रत्येक शेंड्याखाली वीतभर खोलीच्या आत हरभऱ्याएवढी काळपट, केसाळ गाठ असते. तिच्यातून दोऱ्यासारखी मुळी निघते आणि पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. माळच असते ती. तुम्ही वरून ओढता तेव्हा मुळी गाठीजवळ तुटते, गाठ जागेवर राहते आणि पुन्हा कोंब काढते. वर माळ तुटली की आजवर झोपलेल्या गाठीही जाग्या होतात, कारण पहिल्या गाठीचा त्यांच्यावरचा दाब जातो. दर वेळी आधीपेक्षा दाट येतंय असं तुम्हाला वाटतं, ते अगदी बरोबर आहे. तो भास नाही.

आता काढायचं कसं. सलग दोन-तीन तास उघडीप मिळाली की बसा. माती ओली हवी, चिखल नको. चिखलात बसलं की माती दाबली जाते आणि फुलझाडांची मुळं गुदमरतात. खुरपं शेंड्याच्या बुडाशी उभं न घालता चार बोटं लांबून तिरकं घाला आणि मातीचा गड्डा खालून उचला. तो हातात घेऊन भुगा करा. गाठ दिसली की पानाला न ओढता गाठीलाच धरा आणि मुळीच्या मागे मागे जा, पुढची सापडते. सुरुवातीला एक फूट जागेला अर्धा तास लागेल. लागू द्या.

दुसरं असं की, पात वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. म्हणजे दर पंधरा दिवसांनी नवे कोंब काढत राहिलात तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो आणि नवी भर पडत नाही. एक पावसाळा ही पाळी चुकवायची नाही. खाडा पडला की पुन्हा पहिल्यापासून.

काढलेल्या गाठी कंपोस्टच्या टोपलीत टाकू नका. घरच्या कंपोस्टला तेवढी ऊब नसते, गाठी तिथेच फुटतात आणि खताबरोबर कुंड्याकुंड्यांत जातात. कोरड्या जागी पत्र्यावर पसरून खडखडीत वाळवा. पूर्ण सुकलेली गाठ उगवत नाही.

माहेर_गुहागर · ७ जुलै, दुपारी ३:५०

सातारकर, भांगलण शब्द वाचून बरं वाटलं. आमच्याकडे बेणणी. विदर्भातल्या जावेकडे निंदणी, पुण्याकडे खुरपणी. काम एकच.

अबोलीताई, एक काळजी घ्या. पुढच्या काठाला पावसाळी लिली लावली आहे म्हणालात. तिची पानंही अशीच लांब, हिरवी, बारीक. मी पहिल्या वर्षी नागरमोथ्याबरोबर लिलीचे निम्मे कांदे उपटून टाकले होते, त्याचं अजून वाईट वाटतं. ओळख सोपी आहे. लिलीचं पान जरा मांसल असतं, त्याला मधली उठावदार शीर नसते आणि जमिनीतून ते एकेकटं वर येतं. नागरमोथ्याचं पान मध्ये दुमडल्यासारखं असतं आणि बुडाशी पानांचा झुबका असतो. तरी शंका आली तर थोडी माती बाजूला करा. पांढरा गुळगुळीत कांदा दिसला तर हात मागे घ्या. निशिगंध लावलात तर त्यालाही हेच.

लिलीच्या ओळीत दोन्हीकडे काड्या रोवून सुतळी बांधा. मदतीला कोणी आलं तरी चूक होत नाही.

विक्रोळीकर · ७ जुलै, रात्री ११:१०

तणनाशकाबद्दल लिहितो, कारण आमच्या सोसायटीत ते झालं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कमिटीने बाहेरच्या माणसाकडून ग्लायफोसेट मारून घेतलं. वाऱ्याची दिशाही कोणी बघितली नाही. आठ-दहा दिवसांत गवत पिवळं पडलं, सगळे खूश. पण जास्वंदीची नवी पानं अरुंद, पिवळी, पिळवटल्यासारखी यायला लागली. हे औषध पानातून शिरून मुळापर्यंत जातं आणि गवत कोणतं, जास्वंद कोणती हे त्याला कळत नाही. आमची सात वर्षांची दुहेरी लाल जास्वंद त्यात गेली. ती माझ्या वडिलांनी लावलेली होती. नागरमोथा मात्र दीड महिन्यात परत आला, कारण झोपलेल्या गाठींपर्यंत औषध पोचतच नाही.

कमिटीला सांगायला एक पक्का मुद्दा देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटवर निर्बंध घातले. पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय इतर कोणी ते वापरायचं नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे वॉचमनच्या हातात पंप देऊन मारण्याचं हे औषधच नाही. हे लेखी पत्रात घाला आणि बैठकीत वाचून दाखवा.

आणि कोणी मीठ टाका म्हणेल, तेही ऐकू नका. मिठाने गवत जळतं, पण माती बिघडते आणि तिथे पुढे मोगराही धरत नाही. व्हिनेगरने वरची पात करपते, गाठीला काही होत नाही.

अबोली_मुलुंड · ८ जुलै, सकाळी ८:३०

विक्रोळीकर, वडिलांच्या जास्वंदीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पत्र आजच लिहिते.

पेव्हर ब्लॉकच्या फटींतही गवत आहे. तिथे उकळतं पाणी ओतलं तर?

गच्चीवरची_बाग · ८ जुलै, सकाळी ९:००

फटींत चालेल. कोवळं गवत मरतं, जुन्याला तीन-चार वेळा ओतावं लागतं. वाफ्यात अजिबात नको, गांडुळं आणि फुलझाडांची मुळं दोन्ही भाजतील. मुलं आसपास नसताना ओता.

चाळीतली_कुंडी · ८ जुलै, दुपारी १२:२०

गिरगावातून लिहितेय. माझ्याकडे वाफा नाही, गॅलरीत १४ कुंड्या आहेत. पण हराळीबद्दल सांगावंसं वाटलं.

हराळी म्हणजेच आपल्या दूर्वा. ती सगळीच्या सगळी काढून टाकू नका. एका पसरट कुंडीत चार पेरं लावा, कुंडी वाफ्यापासून लांब, फरशीवर ठेवा. गणपतीत दूर्वांची जुडी घ्यायला बाजारात गेलं की कोमेजलेली, मातीने भरलेली मिळते. घरच्या कुंडीतल्या कोवळ्या तीन पानांच्या दूर्वा सकाळी खुडून २१ च्या जुड्या बांधायला माझ्या आजेसासूबाईंनी शिकवलं, आजही आमच्या मजल्यावर तिघींकडे माझ्याच कुंडीतल्या जातात.

वाफ्यातली काढताना मात्र खुरप्याने तोडू नका. तिचं पेर म्हणजे नवं रोपच. दहा तुकडे केलेत तर दहा ठिकाणी फुटेल. पहारीने माती सैल करायची आणि दोर गुंडाळतो तशी जमिनीतली पांढरी मुळी सबंध ओढून काढायची.

सातारकर_बोरिवली · ८ जुलै, दुपारी २:४५

अनुमोदन. हराळी बाहेरून परत येते, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात आणि पेव्हरच्या कडेला वीतभर खोल चर मारा आणि त्यात शहाबादी फरशीचे किंवा कडाप्प्याचे तुकडे उभे पुरा. बोटभर भाग जमिनीच्या वर राहू द्या. कोणाच्या तरी स्वयंपाकघराचं काम निघालेलं असतंच, तुकडे फुकट मिळतात.

केन्याचं अजून कोणी लिहिलं नाही. तो सहज उपटतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. केना निळ्या फुलांखेरीज जमिनीखालीही फुलं धरतो आणि तिथेच बी तयार करतो. उपटून वाफ्यातच टाकला तर ओल्या मातीत कांड्यांना मुळं फुटतात. बादलीत टाका आणि वाफ्याबाहेर न्या.

माहेर_गुहागर · ८ जुलै, संध्याकाळी ६:१०

केन्याच्या पानांची भजी होतात, घोळीची आणि टाकळ्याची भाजी होते. पण सोसायटीच्या वाफ्यातलं, राडारोड्याच्या जागेवर उगवलेलं आणि कदाचित औषध पडलेलं ताटात घेऊ नका.

गच्चीवरची_बाग · ८ जुलै, रात्री ९:३०

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठी काढून जमीन उघडी ठेवलीत तर महिन्याभरात पुन्हा तेच. नागरमोथा आणि हराळी दोघांनाही सावली सोसत नाही. म्हणून जमीन झाका.

चेंबूरला आमच्या इमारतीत मी असं केलं: पार्सलच्या खोक्यांचे पुठ्ठे, चिकटपट्टी काढून, भिजवून, एकमेकांवर वीतभर चढवून अंथरले. फुलझाडांच्या बुडाशी चार बोटं जागा मोकळी सोडली. वर शहाळेवाल्याकडून आणलेल्या सोडणांचे तुकडे आणि वाळका पाला. पुठ्ठा पावसात दोन-अडीच महिन्यांत विरतो, तोवर खालचा कोंब दमतो. काळं प्लास्टिक आणू नका. नागरमोथ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पातळ प्लास्टिक फोडून वर येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.

चाळीतली_कुंडी · ८ जुलै, रात्री १०:१५

पावसाळ्यात जाड थर दिला की खाली गोगलगायी जमतात, त्या मोठ्या आफ्रिकन. माझ्या बहिणीकडे मालाडला एका रात्रीत झेंडूची रोपं फस्त झाली.

गच्चीवरची_बाग · ८ जुलै, रात्री १०:४०

खरं आहे. म्हणून जून ते सप्टेंबर थर दोन बोटांपेक्षा जाड नको. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्या लागतात, हातमोजे घालून. ऑक्टोबरनंतर थर वाढवा.

विक्रोळीकर · ९ जुलै, सकाळी ७:५०

हातमोज्यांचं निघालंच आहे तर, अबोलीताई, तुमच्या मैत्रिणींनाही सांगा. मुंबईत पावसाळ्यात उघड्या हाताने मातीत बसू नका. वाफ्यात उंदीर फिरतात, त्यांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो आणि जंतू खरचटलेल्या त्वचेतून शिरतात. रबरी हातमोजे, गमबूट, आणि काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. नंतर ताप आला तर डॉक्टरांना "मातीत काम केलं होतं" हे आठवणीने सांगायचं.

अबोली_मुलुंड · २० जुलै, रात्री ८:१५

पहिला अहवाल देते.

आम्ही वाफ्याचे पाच-पाच फुटांचे पाच भाग केले. गेल्या रविवारी फक्त पहिल्या भागाला हात लावला. सातारकरांनी सांगितल्याप्रमाणे खुरपं तिरकं घातलं, गड्डा उचलला आणि पहिली गाठ हातात आली. काळी, केस असलेली, खरोखर हरभऱ्याएवढी. मुळीच्या मागे गेले तर चार बोटांवर दुसरी, मग अबोलीच्या मुळांत घुसलेली तिसरी. नखाने फोडून बघितली. आत पांढरी, आणि काय वास होता! उटण्याचा. दिवाळीच्या पहाटेचा वास ऐन जुलैच्या चिखलात आला. सासूबाईंना दाखवली तर म्हणाल्या, अगं, उटण्यात हाच तर नागरमोथा असतो.

एका फुटात ४३ गाठी निघाल्या. आम्ही मोजल्या. पाच फुटांना दोन तास लागले, चौघी होतो.

अबोलीच्या रोपांच्या मुळांत गाठी गुंतल्या होत्या, म्हणून रोपं सबंध उचलली, मुळं बादलीभर पाण्यात हलवून धुतली, गाठी सोडवल्या आणि परत लावली. पाऊस असल्याने सगळी तगली. मोगऱ्याला मात्र हात लावायचा धीर होत नाहीये.

सातारकर_बोरिवली · २० जुलै, रात्री ९:००

मोगऱ्याला आत्ता उचलू नका, कळ्या असतील. त्याच्या बुडाचे कोंब दिसले की बोटाने माती बाजूला करून जेवढी गाठ मिळेल तेवढी काढा, दर पंधरा दिवसांनी. फार गुंतलं असेल तर बहर संपल्यावर बघू.

४३ म्हणजे माती आली तेव्हाच गाठी घेऊन आली. पुढच्या वेळी एक करा. माती आली की लगेच पसरू नका. ढीग पसरट करा, पाणी मारा आणि १५ दिवस थांबा. आत जे असेल ते उगवून दिसेल. माती चांगली की वाईट ते तिलाच विचारायचं.

अबोली_मुलुंड · २० जुलै, रात्री ९:२०

पुरवठादाराने "निवडलेली माती" म्हणून जास्त पैसे घेतले होते. आता कळतंय. नर्सरीतून आणलेल्या रोपांच्या पिशव्यांतही वर हेच कोंब होते, आम्ही तसेच लावले.

माहेर_गुहागर · २१ जुलै, सकाळी १०:३०

पिशवीतली वरची बोटभर माती काढून टाकायची आणि बाजूने मुळं बघूनच लावायचं. आम्ही आता तसंच करतो.

मोकळ्या झालेल्या पाच फुटांत झेंडू लावा ना! आत्ता रोपं लावली तर दसऱ्याला फुलं येतात आणि फूटभर अंतरावर लावली की महिन्यात पानांची छत्री होते. खाली ऊन पोचत नाही. पिवळं फूल आणि गालिच्यासारखी पानं म्हणून वेडेलिया लावा असं कोणी सुचवेल. नका लावू. तो हराळीपेक्षा हट्टी आहे.

अबोली_मुलुंड · २४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४०

सगळे पाच भाग एकदा पूर्ण झाले, पहिल्या भागाची तिसरी पाळी झाली. तिसऱ्या पाळीला त्याच एका फुटात ६ कोंब होते. तेही बारीक, फिकट. गाठीसकट सहज आले.

दुसऱ्या भागात मात्र आमचा खाडा पडला. घरात सगळे तापाने आडवे होते, महिनाभर तिकडे कोणी फिरकलं नाही. तिथे पुन्हा गच्च झालंय आणि नव्या पांढऱ्या गाठी धरल्या आहेत. तो भाग आता पुठ्ठा घालून झाकला आहे.

कमिटीने पत्र वाचून तणनाशकाचा विषय मागे घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी स्वतःहून कडाप्प्याचे तुकडे आणून दिले. ते संगमनेरकडचे. दर रविवारी खुर्ची टाकून बसतात आणि कोणाचं खुरपं उभं पडलं की तिथूनच सांगतात.

काढलेला केना आणि बाकीचं गवत ड्रममध्ये पाण्यात कुजवून झाडांना घालावं असं एकीने सुचवलं आहे. करू का?

विक्रोळीकर · २४ ऑगस्ट, रात्री ८:००

करा, पण ड्रमच्या तोंडावर मलमलीचं फडकं दोरीने घट्ट आवळा. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, त्यातच डेंग्यूचा डास असतो. महापालिकेची माणसं तपासायला येतात ती उगाच नाही. गाठी त्या ड्रममध्ये टाकू नका.

अबोली_मुलुंड · १२ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

दसऱ्याला दाराला आमच्या वाफ्यातल्या झेंडूचं तोरण लागलं. चारही घरांना पुरून देवळात एक परडी गेली.

पहिला, तिसरा, चौथा भाग जवळजवळ स्वच्छ आहे. दुसऱ्यात अजून आठवड्याला आठ-दहा कोंब निघतात. पाचव्यात हराळी पेव्हरखालून एका जागी शिरली, तिथे फरशी वर राहिली होती. वाळवलेल्या गाठींची एक परात भरली आहे. सासूबाई उटण्यासाठी मागत होत्या, पण या मातीतल्या नकोत म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातूनच आणला.

आता दुसऱ्या भागासाठी एप्रिलमध्ये पारदर्शक प्लास्टिक घालून ऊन देण्याचा विचार आहे. मुंबईत होतं का ते?

सातारकर_बोरिवली · १२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

होतं, पण जिथे दिवसभर ऊन पडतं तिथेच. माती आधी भिजवून प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीत गाडायच्या, चार ते सहा आठवडे उघडायचं नाही. वरच्या थरातलं बी मरतं, खोलवरच्या गाठी वाचतात, त्यामुळे पुढच्या जूनला खुरपं घ्यावंच लागेल. तुमच्या भिंतीची सावली दुपारी कुठवर येते ते आधी बघून ठेवा. आणि प्लास्टिक घालायच्या आधी दुसऱ्या भागातले लिलीचे कांदे काढून कोरड्या मातीत ठेवा, नाहीतर तेही भाजतील.

अबोली_मुलुंड · १२ ऑक्टोबर, दुपारी १:०५

दुपारी तीननंतर अर्ध्या भागावर सावली येते. मग तेवढ्यात पुठ्ठाच ठेवते. कांदे मार्चअखेर काढते.